दर्या घराच्या मागंच

माझ्या मायचं लग्न एका शब्दावर ठरलं, आणि गंमत अशी की तो शब्द बोलणारा खोटं बोलला नव्हता आणि ऐकणारानंही तो चुकीचा ऐकला नव्हता. कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती. झालं असं, की नाशिकला एका जातभाईच्या लग्नात आमचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, आणि मायचे वडील एका पंगतीला शेजारी शेजारी बसले. आबांची आष्टीच्या खालच्या अंगाला गोदावरीवर नाव होती, ह्या काठाची माणसं त्या काठाला न्यायची. मायचे वडील कोकणातले, समुद्रावर मासेमारी करणारे. जात एक, धंदा पाण्याचा, एकाचा पोरगा लग्नाचा आणि दुसऱ्याची पोरगी लग्नाची. मठ्ठ्याचा द्रोण येईपर्यंत विषय निघालासुद्धा. मायच्या वडिलांनी एकच विचारलं, "पोर दर्यावर वाढलीय. दर्या दिसला नाय तर तिला जेवण जात नाय. तुमच्याकडं दर्या हाय का?" आबांनी मिशीवरून हात फिरवला म्हणे. "दर्या? घराच्या मागंच हाये की! अंगणातून दिसतो." झालं. सुपारी फुटली.

आता आमचे आबा निजामाच्या अमलात वाढलेले. उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. घरात सगळे नदीला 'गंगा' म्हणायचे, पण नाव तपासायला येणारे अंमलदार उर्दूवाले, त्यांच्यापुढं आबा हात जोडून म्हणायचे, "साहब, आज दरिया चढा है." उर्दूत दरिया म्हणजे नदी, हे मला फार पुढं कळलं, मंठ्याला शाळेवर असताना, आमच्या उर्दूच्या सरांकडून. त्या दिवशी मी मास्तरांच्या खोलीत इतकी हसले की सर बिचारे घाबरले, आणि घरी येऊन चहा ठेवता ठेवता रडले. आबांच्या लेखी परक्या, मोठ्या माणसाशी अदबीनं बोलायचं तर गंगेला दर्या म्हणायचं. पाहुण्यानं दर्या म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं, वा, माणूस रीतभात जाणणारा दिसतो.

माय आमच्याकडे आली ती ऐन वैशाखात. परतूरहून बैलगाडीत, अंगावर हळदीची साडी, आणि मनात एकच. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं नणंदेच्या कानात विचारलं, दर्या कुठाय? आमच्या आत्यानं मोठ्या हौसेनं तिला घराच्या मागं नेलं. समोर वाळू. वाळूपलीकडे वाळू. मधोमध पाण्याचा एक पट्टा आणि त्यात बसलेल्या म्हशी. माय बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, "ओहोटी आहे का?" आत्याला ओहोटी कुठली ठाऊक? ती म्हणाली, "न्हाई वैनी, म्हशी हाईत." ही गोष्ट माय स्वतः सांगायची, अगदी नकला करून, आणि आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. पुढचं मात्र ती हसत सांगायची नाही. ती तिथंच वाळूवर बसली, भरतीची वाट बघत. दिवस कलला तरी उठेना, तेव्हा आबा आले. तिनं पदर सावरून विचारलं, "मामंजी, भरती कधी येते?" आबा म्हणाले, "आता मिरगानंतरच बाई." मग हळूहळू दोघांनाही उलगडलं की आपण दोन वेगळ्या पाण्यांबद्दल बोलतोय. त्या दिवशी घरात पुरण शिजलं होतं आणि आबा जेवले नाहीत. तेव्हापासून मरेपर्यंत त्यांनी सुनेला कधी वरच्या आवाजात हाक मारली नाही, आणि आमच्याकडच्या सासऱ्यांमध्ये ही गोष्ट तेव्हाही नवलाची होती आणि आताही आहे.

माहेरी तिचं नाव सगुणा. लग्नात भटजींनी दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात धरून तांदळात अंगठीनं 'गोदावरी' गिरवलं आणि सगुणा संपली. आमच्या गावात तिला गोदा म्हणायचे, गोदावैनी म्हणायचे, नंतर गोदामाय. सगुणा म्हणणारं कुणी नव्हतंच. मला तिचं पहिलं नाव कळलं तेसुद्धा मामाच्या तोंडून, नाहीतर मी कशाला विचारतेय? आईला आई होण्याआधीचं नाव असतं हे लेकरांच्या डोक्यात येत नाही.

आमचं घर काठाच्या उंचवट्यावर होतं. पहाट झाली की पलीकडून आरोळी यायची, "नाऽऽव होऽऽ!" आणि दादा भाकरीचा तुकडा तोंडात धरूनच निघायचे. ती आरोळी आमचं घड्याळ होती. घरात जवारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सणावाराला येसराची आमटी, आणि नदीला पाणी असलं की मरळ नाहीतर झिंगे. कोकणातून कुणी आलं तर मायसाठी सुकट आणि आमसुलं यायची. सुकट भाजली की सगळी गल्ली नाकाला पदर लावायची. आजी ओरडायची, "गोदे, मेलेल्या उंदराची चटणी केलीस काय गं?" आणि दहा मिनिटांनी तीच आजी भाकरी घेऊन चुलीपाशी बसलेली असायची. ओला नारळ म्हणजे अप्रूप. आष्टीच्या बाजारात मिळायचा तो देवापुढं फोडायचा. माय त्याची करवंटी टाकायची नाही, घासून पुसून तिच्यात मीठ ठेवायची.

आणि तिची गाणी. नाव चालायला लागली की तळातून पाणी झिरपतं, ते उपसायला एक माणूस लागतो. आबांनी ते काम मायला दिलं. ती मागच्या टोकाला बसून डब्यानं पाणी उपसायची आणि उपसता उपसता माहेरची गाणी म्हणायची, वल्हवायची, शीड चढवायची, वादळातून घरी यायची. गावात कुजबुज झालीच. नाववाल्याची सून चारचौघांत गाते, लाज आहे का न्हाई? आबांनी पारावर बसून एकदाच सांगितलं, "गाऊ द्या. माझ्या तोंडामुळं तिचा दर्या गेला. आवाज तरी राहू द्या तिच्यापाशी." मग कुणी बोललं नाही. उलट बाजाराच्या दिवशी लोक मायची नाव धरायला थांबू लागले. कोंबड्या बगलेत मारलेल्या बाया, सायकल आडवी टाकलेले मास्तर, एखादं शेरडू, सगळे तिच्या ओळीला साथ द्यायचे. शेरडूसुद्धा द्यायचं, खोटं सांगत नाही.

त्या गाण्यांची रीत सोपी होती. एकानं ओळ म्हणायची, ओळीच्या शेवटी 'हे' म्हणायचं, आणि बाकीच्यांनी 'हो'. वारा पडला, शीड निजलं, हे. हो. गावची चूल दिसाया लागली, हे. हो. समुद्रावर 'हे' म्हटलं की वल्हं पाण्यात पडतं आणि लगेच 'हो' म्हणून ते ओढायचं. मध्ये फट नाही. पण आमच्या नावेला वल्ही नावापुरती, खरं काम लांब बांबूचं. बांबू पाण्यात सोडायचा, तळाला टेकेपर्यंत थांबायचं, मग अंगाचा सगळा भार टाकून रेटायचं. माणूस कमी पडला की मायही बांबू धरायची. तेव्हा आमच्या नावेवर 'हे' म्हटलं की सगळे गप्प. बांबू खाली जातोय, जातोय, तळ लागला, आणि मग 'हो'. ती मधली शांतता मला फार आवडायची. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढ्यात ऐकू यायचा. माय कोकणातून बिनफटीचं गाणं घेऊन आली होती आणि आमच्या गंगेनं त्याच्यात ही थांब घातली. कधी घातली हे तिचं तिलाही कळलं नाही. कसं कळणार? रोजचं जेवण जेवताना आपण कुठल्या वर्षी तिखट कमी केलं हे आठवतं का कुणाला?

तिच्या माहेरी दरवर्षी गाण्यांचा मेळा भरायचा. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी सगळ्या वाड्यांचे गाणारे बंदरावर जमायचे आणि एकेका होडीची माणसं आपापलं गाणं म्हणायची. आजोबांचा, म्हणजे मायच्या वडिलांचा, गळा त्या किनाऱ्यावर नावाजलेला. लग्नाआधी त्यांच्या ओळीला 'हो' देणारी पहिली माय असायची. आमच्याकडं पंचमीचे झोके संपले की तिचं लक्ष उडायचं. भाकरी करपायची. "आता होड्यांना रंग देत असतील," म्हणायची, "आता कोण कुठल्या जागी बसायचं त्यावरून भांडत असतील." पण जायचं कसं? तिकडं पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या ओढून काठावर घेतलेल्या, माणसं रिकामी, म्हणून तर मेळा. आणि इकडं नेमकी तेव्हाच गंगा भरलेली, पायी ओलांडायचा उतार बुडालेला, नावेला क्षणाची उसंत नाही. त्यांच्या नावा बांधलेल्या असतात तेव्हा आमच्या सुटतात. एकाच धंद्यातली दोन घरं, पण श्रावणात एकमेकांकडं तोंड करायला सवड नाही. दरवर्षी ती म्हणायची, पुढच्या साली. दरवर्षी पुनवेला दुपारी काठावर जाऊन एक नारळ गंगेत सोडायची आणि तिथंच उभ्यानं एक गाणं म्हणायची. बघता बघता आमच्या गावाची ती रीत झाली. पुनव आली की पोरंटोरं, बाया, नावेची वाट बघणारे वाटसरू काठावर गोळा व्हायचे. आमचाही मेळाच तो, फक्त आम्ही त्याला मेळा म्हणत नव्हतो.

मग एका श्रावणात मामा मुराळी म्हणून दारात उभा राहिला. आमच्याकडं माहेरवाशिणीला न्यायला येतो तो मुराळी, आणि मायला मुराळी येण्याची सवय मोडली होती. तिनं त्याला बघितलं आणि हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. मामा म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, सगुणाला आण. यंदा गळा चालतोय. पुढच्या सालाचं सांगता येत नाय." नदी भरून वाहत होती, चुलत्याला ताप होता, नावेवर माणूस कमी. दादांनी मान खाली घातली. मायनं स्वतःच उत्तर देऊन टाकलं, "न्हाई जमायचं, नाव चालू हाये." तेव्हा आबा कोपऱ्यातून उठले. गुडघे धरलेले, तरी उठले.

"कोन म्हंतंय न्हाई जमायचं? मी हाये की नावेवर."

"आबा, तुमचे गुडघे..."

"गुडघे घाल चुलीत. एकदा मी तुला भलताच दर्या दावला. आता खरा बघून ये जा. जल्दी कर, गाडी जुपाया सांगतो. आन् तिथं अशी गाय, अशी गाय, की त्यांना कळलं पाह्यजे आमी पोरगी बिनपान्याची न्हाई ठेवली."

आजीनं धपाटे बांधून दिले. माय मलाही घेऊन निघाली, परकर-पोलक्यातली होते मी. परतूरला रेल्वे, मनमाडला गाडी बदलली, मग एसट्यांमागून एसट्या. वाटभर माय बोलत होती. मी तिला इतकं बोलताना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. घाट उतरला, वास बदलला, आणि एका वळणावर तिनं माझी मान धरून खिडकीकडं वळवली. मी बघितलं. खरं सांगू? मला वाटलं, एवढंच? आमची गंगा पुरात अशीच दिसते की. फक्त पलीकडचा काठ कुणीतरी काढून नेलाय. मी तसं म्हणाले आणि माय इतकी हसली की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.

माहेरी तिचं काय कौतुक! "सगुणा आली गो, सगुणा आली!" नवीनच लग्न होऊन आलेल्या मामीनं पाय धुवायला पाणी दिलं. आजोबा ओटीवर बसले होते, वाळून गेलेले, पण आवाज अजून भरदार. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचे तळहात उघडून बघितले, उलटसुलट. नारळीभात झाला, ताजा मासा झाला, आणि मला तो भात बिलकुल आवडला नाही, गोडाचा भात कोण खातं? मायनं माझ्या वाटचाही खाल्ला.

मेळा दुपारनंतर सुरू झाला. उताणी टाकलेली एक जुनी होडी, तिच्या कडेवर बसलेले आजोबांच्या होडीचे गडी, हातात वल्ही. मध्ये आजोबा, त्यांच्या उजव्या हाताला माय, नाकात माहेरची नथ. भोवती सगळ्या वाड्यांची माणसं. दुसऱ्यांची गाणी झाली, टाळ्या झाल्या, मग आजोबांनी खाकरून ओळ उचलली. शेवटचं 'हे' त्यांनी असं ओढलं की माझ्या अंगावर काटा आला. गड्यांनी वल्ही ओढली आणि 'हो' म्हटलं. ते 'हो' संपलं, सगळं शांत झालं, आणि मग एकट्या मायचं 'हो' आलं. मागून. तळ लागल्यावर.

लोकांना वाटलं चुकली. एकदोघं हसले. आजोबांनी दुसरी ओळ घेतली. मी मायकडं बघत होते. तिला कळलं होतं आपलं काहीतरी हुकलंय, तिनं ओठ घट्ट धरले होते, पण अंग ऐकेना. 'हे' म्हटल्याबरोबर तिचे दोन्ही हात बांबू धरल्यासारखे वर गेले, थांबले, आणि पुन्हा ते एकटं 'हो', सगळ्यांच्या मागून. आता मात्र हशा पिकला. पलीकडच्या वाडीचा एक जण ओरडला, "काय गो सगुणा, तुझी होडी रेतीत रुतली काय?" दुसरा म्हणाला, "देशावर दिल्यावर दुसरं काय व्हायचं!" मामीसुद्धा हसली, तोंडावर पदर धरून. मी काय करणार? मला ओरडावंसं वाटत होतं की ती बरोबर म्हणतेय, असंच असतं ते, तुम्हीच घाई करून राह्यलात! पण मला वाटून काय उपयोग.

तिसऱ्या ओळीला आजोबांनी हात वर केला आणि गाणं थांबवलं. सगळ्या मेळ्यात त्यांनी गाणं असं मध्येच तोडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते मायच्या हातांकडं एकटक बघत होते. मायनं ते बघितलं, आणि ती होडीवरून उतरली, माझा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत घराकडं चालू लागली. मागं वळून बघितलं नाही. घरी येऊन चुलीपुढं बसली, चूल विझलेली होती तरी फुंकत बसली. थोड्या वेळानं बंदरावरून पुन्हा गाणं ऐकू आलं. आजोबांचंच. ओळ आली, 'हे' आलं, आणि मग काहीच नाही. शांतता. बराच वेळ शांतता, आणि मग सगळ्यांचं मिळून 'हो'. पुन्हा ओळ, 'हे', शांतता, 'हो'.

माय फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "ऐकलंस? नक्कल करून राह्यलेत माझी."

मलाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार होतं?

आजोबा घरी आले तेव्हा ती वाढायच्या गडबडीत होती. ते म्हणाले, "सगुणा, मध्येच गेलीस?" ती म्हणाली, "पोरीच्या पोटात दुखत होतं." माझ्या पोटात काही दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नारळ सोडला, होड्या पाण्यात गेल्या, आणि आम्ही निघालो. आजोबा एसटीपर्यंत आले. गाडी सुटताना खिडकीच्या गजांवर हात ठेवून म्हणाले, "दर सालाला येत जा. आम्ही थांबू गो." माय समोर बघत म्हणाली, "थांबू नका बाबा. नाव चालू असती." त्यांचा हात गजावरून सुटला तो मला अजून दिसतो. त्यानंतर बापलेकीची भेट झाली नाही.

आबा काठावरच उभे होते, गुडघ्यांना फडकी बांधून. "झालं का गाणं?" माय म्हणाली, "झालं." आबा किती खूश झाले म्हणता! प्रत्येक खेपेला वाटसरूंना सांगायचे, "आमच्या गोदीनं तिकडं दर्या गाजवला." आणि माय मागच्या टोकाला मुकाट्यानं पाणी उपसत बसायची. बाजारच्या बायांनी गळ घातली, गोदावैनी, म्हणा की! ती म्हणाली घसा बसलाय. तो घसा मग जन्मभर बसला. पुढच्या पुनवेला तिनं नारळ सोडला पण गाणं म्हटलं नाही. लोक थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. त्याच्या पुढच्या पुनवेला कमी आले, आणि मग आमच्या काठावरची ती रीत बंद पडली. आबा जाताना मला म्हणाले होते, "तुझी माय कशानं गप झाली गं? मला वाटलं खरा दर्या बघून सुखावंल." मी त्यांना सांगितलं नाही. कोण सांगेल? नंतर पूल झाला. नाव काठावर उपडी पडली, पावसानं कुजली, तिच्या फळ्या गोठ्याला लागल्या. दरवर्षी मामाचा निरोप यायचा, येतेस का? दरवर्षी तिचं उत्तर, नाव चालू हाये. नाव मोडून गोठ्याला लागली तरी काही वर्षं ती तेच उत्तर पाठवत होती, मला नंतर हसू यायचं आणि हसू आल्याचा रागही यायचा.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही आता गुडघे धरून उठणाऱ्यांपैकी. गेल्या श्रावणात मामाच्या नातीचा फोन आला, आत्या, मेळ्याला या की एकदा, आता मोठा होतो. मी का गेले कोण जाणे. लेक म्हणाली, मम्मी, एवढा खर्चा, एवढी दगदग, तिथं आहे कोण तुझं? गेले खरी. आता तिथं मांडव असतो, लाउडस्पीकर, पुढाऱ्यांचे फलक, एकसारख्या टोप्या घातलेली पोरं. मी दुपारी पोचले तेव्हा आजोबांच्या होडीच्या गटाचा सराव चालला होता. त्यांचा म्होरक्या चोविशीतला, तो एकदम टाळी वाजवून ओरडला, "अरे थांबा, थांबा! सगुणा खाल्ली तुम्ही! परत घ्या."

माझ्या कानात दडे बसतात हल्ली, म्हटलं, चुकीचं ऐकलं. तेवढ्यात तो पुन्हा म्हणाला, "दुसऱ्या ओळीला सगुणा नीट द्या. घाई नको."

मी पुढं जाऊन विचारलं, "बाळा, सगुणा म्हणजे काय?"

"ती आमच्या गाण्यातली थांब आहे, आजी. बाकीच्या वाड्यांत नाही, फक्त आमच्याकडे. 'हे' म्हटलं की सगुणा द्यायची, मग 'हो'."

"पण सगुणा का म्हणतात?"

"जुन्या लोकांचा शब्द आहे. थांबण्याला सगुणा म्हणत असतील पूर्वी."

मामी आहे अजून. डोळे गेलेत, जीभ शाबूत. तिच्या खाटेवर बसून मी विचारलं. ती म्हणाली, "अगो, तुझी आई निघून गेली ना, तेव्हा म्हाताऱ्यानं असं झापलं सगळ्यांना! म्हणाला, हसता काय, तिचे हात बघितलेत? बांबू रेटते माझी पोर. तिच्या पाण्याला तळ आहे, तळ लागायला वेळ लागतो. आता सगुणा येईपर्यंत कुणी हो म्हणायचं नाय. आणि त्याच दिवशी, तिथंच, सगळ्यांकडून तसं म्हणवून घेतलंन. मग दर सालाला तेच. 'हे' म्हणायचा आणि हात वर करून बसायचा. थांबा, सगुणा येऊ दे. तो गेला, पण पोरांना तीच सवय लागली."

"मामी, आणि हे तुम्ही कुणी तिला कळवलं का नाही?"

"आम्हाला काय ठाऊक तिला लागलंय ते? ती सांगायची नाव चालू आहे. आम्ही म्हटलं, असेल चालू. नाववाल्या माणसांना नावेचं कारण खरंच वाटतं गो."

मी तिच्यावर चिडले, तिच्या खाटेवर बसून, तिचाच चहा पीत. आजोबांवर चिडले, की बाबा, खिडकीशी उभं राहून 'आम्ही थांबू' एवढंच म्हणालात, त्याच्यापुढं दोन वाक्यं जास्त बोलला असतात तर काय जीभ झिजली असती? आणि मायवर सगळ्यांत जास्त. एकदा विचारायचं होतंस ना गं! दोन्ही घरांना शब्द धड कधी वापरताच आला नाही. पहिला जास्तीचा बोलले आणि दुसरा पोटात ठेवला.

मेळ्यात मी पुढच्या रांगेत बसले होते, पाहुणी म्हणून. म्होरक्यानं ओळ उचलली, 'हे' ओढलं, आणि सगळ्या पोरांनी वल्ही हवेत धरून ठेवली. लाउडस्पीकर खरखरत होता, मागं समुद्र वाजत होता, आणि ते सगळे थांबले होते. माझे हात आपोआप वर गेले आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "माय गं, थांबलेत बघ, अजून थांबलेत..."

शेजारी बसलेल्या पोरीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आजी, बोलू नका ना मध्ये," ती कुजबुजली. "सगुणा चाललीय."

मी गप्प राहिले. मग तळ लागला, आणि सगळ्यांनी मिळून 'हो' म्हटलं.